गवळ्याचा अंगठा

२२ ऑक्टोबर, पाडवा. सकाळ

पेंडीच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली ही डायरी कपाटावर कोरीच पडली होती. दिवाळीच्या साफसफाईत सूनबाईनं खाली काढली आणि विचारलं, मामा, टाकू का ठेवू? म्हटलं ठेव, पाडव्यापासून मी रोज लिहिणार. यशराजची आई, म्हणजे आमची मालकीण, हसली. माझ्या सगळ्या संकल्पांना ती अशीच हसते, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो.

आज आमच्या मोनाचा दिवस. पहाटे तिला घासूनपुसून तेल लावलं. शिंगं तांबडी रंगवली, गळ्यात कवड्यांची माळ घातली, शिंगांना मोरपिसं बांधली. संध्याकाळी म्हशींची मिरवणूक. यशराज सायलेन्सर काढलेली गाडी घेऊन पुढं सुटणार आणि मोना त्याच्या मागं पळत जाणार. गाडी सुटेपर्यंत तिचं दावं माझ्या हातात. दावं धरायची माझी रीत वडिलांची आहे. अंगठ्याला एक वेढा घ्यायचा, मग म्हशीनं कितीही हिसडा दिला तरी दावं निसटत नाही.

२३ ऑक्टोबर. डाव्या हातानं

दावं निसटलं नाही. अंगठ्याला वेढा होता आणि शेजारी फटाक्याची माळ लागली. मोना गाडीच्या आधीच सुटली. उजवा अंगठा बाहेरच्या अंगाला गेला तो गेलाच. मुळाशी वांग्याएवढी सूज.

अक्षर कोंबडीचे पाय. पुरे.

२५ ऑक्टोबर

काल तालमीत आकाराम वस्तादाकडं गेलतो. त्यानं अंगठा चाचपला, मला बोलण्यात गुंतवलं आणि एकदम ओढला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. वर आंबेहळदीचा लेप लावून पट्ट्या गुंडाळल्या. "लचकलं हुतं. बसलं बघ आता," म्हणाला. वस्तादाच्या हाताला गुण आहे, माझा खांदा त्यानंच बसवला होता. म्हणून घरी येऊन सांगितलं, बसलं. सांगताना दुखत होतंच.

डाव्या हातानं लिहायचं एक बरं आहे, माणूस फालतू लिहीत नाही. पण एक नवल लिहून ठेवतो. चार बोटं धडधाकट असून मला सदऱ्याचं बटण लावता येत नाही. नळ उघडत नाही. भाकरी मोडत नाही. आजवर मी अंगठ्याला पाचवं बोट समजत होतो. तो पाचवा नाहीच, तो पलीकडच्या बाजूनं चौघांशी झोंबणारा एकटा आहे. आज जेवताना सगळ्यांचे अंगठे बघत बसलो. यशराजची आई म्हणाली, घास गिळा आता.

२९ ऑक्टोबर

आज फजिती झाली. पुढं कुणी हे वाचलं तर कळावं म्हणून नीट लिहितो.

आमचा धंदा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. सकाळ-संध्याकाळ म्हस घेऊन उभं राहायचं, गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्या डोळ्यांदेखत धार थेट पेल्यात काढायची आणि फेसासकट हातात द्यायची. तालमीतली पोरं, शाळेचे मास्तर, देवीला आलेले पावणं, सगळे पितात. विजेच्या खांबाजवळची जागा माझ्या वडिलांची, आता माझी. तिथं बसून मी धार काढतो आणि मोना पुतळ्यागत उभी राहते. कान हलवत नाही, शेपूट हलवत नाही, श्वास धरून उभी. बाकीच्यांच्या म्हशी पाय झाडतात, रवंथ करत बसतात, मालकाकडं लक्ष नसतं. कट्ट्यावर सगळे म्हणतात, केरबाला त्याची म्हस इज्जत देते. खरंच आहे ते.

इतके दिवस गोठ्यात डाव्या हातानं कशीबशी धार काढत होतो, आज पट्टी सोडून कट्ट्यावर गेलो. मोनाच्या सडाला हात घातला, अंगठा मुडपला आणि दाबायला गेलो तर अंगठ्यात जोरच नाही. तो मागं वाकडा जातो, हाडामांसाचा नसल्यासारखा. पेला अर्धा भरायला युग लागलं. भरलेला पेला गिऱ्हाइकाला द्यायला उचलला आणि तो हातातून सुटून फरशीवर आपटला. कुणी हसलं नाही, हे जास्त झोंबलं.

मोनाला घेऊन परत आलो. कट्ट्यावरची जागा फार दिवस रिकामी राहत नसते. मला धार काढता आली नाही तर मी कोण, हे मला सांगता येणार नाही.

३१ ऑक्टोबर

यशराजनं जबरदस्तीनं हाताच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. डॉ. अक्षता. नुसत्या हाताचाच डॉक्टर असतो हे मला माहीत नव्हतं. मूळच्या कुरुंदवाडच्या, वय फार नाही. आधी एक्स-रे. हाड शाबूत. मी यशराजकडं बघितलं, बघ, वस्ताद म्हणाला तेच. पण बाईंनी अंगठ्याच्या मुळाचा सांधा धरून हळूच बाहेरच्या अंगाला वाकवला. तो जात राहिला, जात राहिला, कुठं अडेचना. आतल्या बाजूला एक गाठ होती तीही त्यांनी दाबून बघितली. मग तुलनेसाठी म्हणून चांगला डावा अंगठा तसाच वाकवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. डावाही सैल होता. उजव्याइतका नाही, पण असायला हवा त्यापेक्षा सैल.

विचारलं, दोन्ही हातांनी काय काम करता. म्हटलं, धारा काढतो. कशा काढता, दाखवा. आता दवाखान्यात म्हस कुठली. तर त्यांनी रबरी हातमोजा मागवला, त्यात पाणी भरलं, बोटाच्या टोकाला सुई टोचली आणि तो मोजा माझ्यासमोर धरला. मी डाव्या हातानं, अंगठा मुडपून, त्याच्या पाठीनं बोट दाबत पिचकारी काढून दाखवली. नर्सबाईच्या साडीवर गेली.

बाई बराच वेळ अंगठ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, पूर्वी विलायतेत जंगलाचे राखणदार सशांच्या माना मुरगळून मारायचे. वर्षानुवर्षं तेच करून त्यांच्या अंगठ्याच्या आतला पट्टा ढिला व्हायचा. या दुखण्याला त्यांचंच नाव पडलं. तुमचा पट्टा बहुतेक आधीच ढिला होता, दाव्याच्या हिसड्यानं पुरा तुटला. खात्रीनं नाही सांगता येणार, पण डावा अंगठा तसंच सांगतोय.

मी विचारलं, ससे मारणाऱ्यांचं नाव दिलं, मग गवळ्याचं का नाही?

"काका, दुखतंय म्हणून गवळी डॉक्टरकडं येतच नाहीत," त्या म्हणाल्या. आणि मग सहज विचारल्यागत, "असं दाबल्यावर म्हशीला काही त्रास नाही होत?"

मला राग आला. म्हटलं, माझी म्हस हलतसुद्धा न्हाय, श्वास धरून उभी ऱ्हाते. त्यांनी कागदावर सोनोग्राफी लिहून दिली.

१ नोव्हेंबर

सोनोग्राफी झाली. पडद्यावर राखाडी ढग, मला काही समजेना. बाईंनी माझाच अंगठा धरून समजावलं. मुळाच्या सांध्याला आतल्या अंगानं एक चिवट पट्टा असतो, दोन हाडांना बांधून ठेवणारा. चिमटीत काही धरलं की सगळा भार त्याच्यावर. माझा तो खालच्या हाडापासून उपटून निघालाय. नुसता निघाला असता तर प्लास्टर घालून आपोआप चिकटला असता. पण निघताना त्याचं टोक शेजारच्या स्नायूच्या पातळ पडद्यावरून पलीकडं जाऊन पडलंय. ती हाताला लागणारी गाठ म्हणजे ते टोक. आता मधे पडदा आहे. वर्षभर पट्ट्या बांधल्या तरी टोक हाडाला टेकणार नाही.

मी म्हटलं, "म्हंजे मेख गोठ्याच्या आत आणि दावं गोणपाटाच्या भाईर."

बाई हसल्या. म्हणाल्या, बरोब्बर, पुढच्या पेशंटला मी असंच सांगणार. गोणपाट उचलून दावं आत घेणं, म्हणजे ऑपरेशन. लवकर करायला हवं, जास्त दिवस गेले तर टोक आक्रसतं. नाही केलं तर चिमटीत जोर कधीच येणार नाही. वस्तादानं ओढल्यानं असं झालं का, तेही मी विचारलं. पहिल्याच दिवशी झालं असेल, सांगता येत नाही, पण आता पुन्हा कुणाला ओढू देऊ नका, एवढंच म्हणाल्या.

धार काढायची पूर्ण बंदी. कट्टा बंद. मोनाचं दूध डेअरीला घालायचं. पण धार काढणार कोण हा प्रश्नच होता. यशराजची आई घरातली उस्तवार करून गुडघ्यानं बेजार. यशराज उचगावच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हशीला लांबून नमस्कार करणारा. पण तोच म्हणाला, मी काढतो. माझा विश्वास बसेना. वर त्याची आई म्हणते, "तुमी मात्र गोठ्यात यायचं न्हाय. तुमी दिसलासा की मोना दुसऱ्याला पान्हा सोडायची न्हाय." ते पटलं.

सूनबाई वर्षाराणी तिथंच होती, वाटी विसळत. ती शिरोळकडची. लग्न ठरवायला गेलो तेव्हा तिच्या बापानं कौतुकानं सांगितलं होतं, पोरगी चार म्हशींच्या धारा एकटी काढते. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, आमच्या घरात सून म्हशीखाली बसणार नाही, नावाची राणी तशीच राणीसारखी राहील. तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती, खाली बघत. लाजली असणार.

३ नोव्हेंबर

ऑपरेशनची भीती वाटते, लिहायला काय जातंय. म्हणून काल दिवसभर उद्योग केला. बाभळीचे दोन तुकडे घेऊन सांधा केला. सायकलच्या ट्यूबची पट्टी खिळ्यानं मारून आतला पट्टा केला. सांधा बाहेर वाकवला की पट्टी ताणते, सोडला की जागेवर. मग खालचा खिळा उपटला. सांधा लोळागोळा झाला, अगदी माझ्या अंगठ्यागत. मधे गोणपाटाचा तुकडा घातला आणि पट्टी बाहेर काढून लाकडी सांध्याला चारी बाजूंनी चिंध्यांनी बांधलं. सोडल्यावर परत लोळागोळा. बाहेरून हजार पट्ट्या बांधल्या तरी फरक पडत नाही, हे हातानं करून बघितलं तेव्हा खरं कळलं. बाईंना फोन करून सांगितलं, करून टाका.

आज पहाटे अंथरुणात पडून ऐकत होतो. माझी धार बादलीत चुर्र चुर्र वाजते, बारीक, जोरदार. आज गोठ्यातून घम घम असा सावकाश, भरलेला आवाज येत होता. यशराजच्या हातात हे कुठून आलं? रक्तातच असणार.

७ नोव्हेंबर

काल झालं. बगलेत सुई दिली आणि हात परका झाला. तो माझ्या छातीवर उचलून ठेवला तर वाटलं कुणा दुसऱ्याचा हात पडलाय. मी जागाच होतो. मधे हिरवं कापड, पलीकडं बाई. मी म्हटलं, दिसलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, काका, बाकीचे लोक झोपेची गोळी मागतात. पण तोंडानं सगळं सांगत गेल्या. पडदा बाजूला केला. टोक सापडलं, पांढरं, जाड. हाडात एक बारीक मेख बसवली, तिला दोरा आहे, त्यानं पट्टा बांधला. मेख कायमची आत राहणार.

म्हणजे माझ्या अंगठ्यात आता गोठा आहे.

प्लास्टर कोपराच्या खालपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत. बोटं मोकळी.

१३ नोव्हेंबर

तंबाखू मळायला अंगठा लागतो. यशराजच्या आईला म्हटलं, मळून दे. म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी तंबाखू बंद सांगितलीय, जखम लवकर भरत न्हाय. मी म्हटलं, मला नाही सांगितलं. म्हणाली, मला सांगितलंय. या बायका माझ्या पाठीमागं काय काय ठरवतात कोण जाणे.

गोठ्याच्या दाराजवळच्या खिळ्याला हिरव्या बांगड्या अडकवलेल्या दिसल्या. वर्षाराणीच्या. तिला म्हटलं, अगं शेण काढताना बांगड्या काढतेस ते ठीक, पण इथं टांगून विसरू नये, म्हशीनं शिंग लावलं तर फुटतील. ती व्हय मामा म्हणाली. कपाळाला म्हशीचे काळे केस चिकटलेले. मी म्हटलं, तोंड तरी धू.

२२ नोव्हेंबर

टाके निघाले. आज यशराजच्या आईची नजर चुकवून गोठ्याच्या मागच्या फटीतून मोनाला बघितलं, धार काढायची वेळ होती. यशराज पलीकडच्या अंगाला, त्यामुळं दिसला नाही, पण मोनाचं तोंड दिसलं. ती रवंथ करत होती. डोळे अर्धे मिटून, जबडा हलवत, निवांत.

वाईट वाटलं. माझ्या हाताखाली ती कधी रवंथ करत नाही. पोराला म्हस किंमत देत नाही, हाच त्याचा अर्थ. घरी त्याला काही बोललो नाही, हिरमुसला असता.

९ डिसेंबर

एक कोडं. यशराजला या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, रात्री उशिरा येतो. आणि संध्याकाळची धार तर रोज वेळेवर डेअरीला जाते. विचारलं तर त्याची आई म्हणाली, तो मधल्या सुट्टीत येऊन जातो. उचगावहून? म्हणाली, गाडी हाय की त्याला. गाडी दारातच होती. मग मित्राच्या गाडीवर येत असेल. पोरगं कष्टाळू निघालं.

सध्या डोक्यात दुसरंच चाललंय. माणसाखेरीज चिमटी कुणाला येते? माकडाला थोडी येते म्हणतात. म्हशीला खूर, तिचं सगळं काम तोंडानं. कावळा चोचीनं उचलतो. मग चिमटी नसती तर माणसानं काय केलं असतं, हा विचार करत दुपारी पडलो आणि झोप लागली.

२० डिसेंबर

काल प्लास्टर निघालं. आत हा कसला अंगठा. सुकलेली शेवग्याची शेंग बरी. कातडी पांढरी, सांधा ताठ. पण बाईंनी बाहेर वाकवून बघितला आणि तो अडला. मला तो अडलेला जाणवला. मेखेला दावं धरून होतं. डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही.

आता व्यायाम. मऊ चेंडू दाबायचा, टॉवेल पिळायचा, बरणीतून कवड्या उचलायच्या. कवड्या मोनाच्या माळेतल्या घेतल्या. जोर हळूहळू येईल, फेब्रुवारीपर्यंत धार नाही. आणि एक अट घातली. "यापुढं अंगठा मुडपून धार काढायची नाही. कधीच नाही. डावा पट्टा पण त्याच वाटेवर आहे." मग कशी काढायची? मुठीनं, म्हणाल्या. मूठपद्धत बायकांची आणि सावकाश, कट्ट्यावर गिऱ्हाईक थांबणार आहे का? मी वाद घातला नाही. मनातल्या मनात ठरवलं, बघू.

२८ डिसेंबर, रविवार

अक्षर वाकडंतिकडं येतंय, पण उजव्यानं लिहितो.

आज मी हट्ट धरला की कट्टा सुरू करायचा. खांबाजवळची जागा दोन महिने रिकामी आहे, पलीकडच्या गवळ्यानं तिथं पेंडीचं पोतं ठेवायला सुरुवात केली आहे असं कानावर आलं. यशराज धार काढेल, मी शेजारी उभा राहीन. तो नको नको म्हणत होता. त्याची आई तर मला दारात अडवूनच उभी राहिली. मला वाटलं, पोराला लाज वाटते. शेवटी तो निघाला. धारेच्या वेळी मोनाला आंबोण खायला लागतं म्हणून वर्षाराणीपण बादली घेऊन मागनं आली.

रविवारची गर्दी. जुनी गिऱ्हाइकं पुढं झाली, अंगठा दाखवा म्हणाली, मी मेखेची गोष्ट सांगितली, लोक ऐकत राहिले. फार बरं वाटलं. मग यशराजला म्हटलं, बस.

तो म्हशीच्या चुकीच्या अंगाला बसला.

मोना बाजूला सरकली. तो उठून दुसऱ्या अंगाला गेला, कास न धुताच सडाला हात घातला आणि ओढायला लागला, घंटेची दोरी ओढतात तसा. थेंब नाही. मोनानं पाय उचलला. कुणीतरी खुसखुसलं. पेला हातात घेऊन यशराज उठला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आबा, मला येत न्हाय. कवाच येत नव्हतं."

मी विचारलं, मग दोन महिने धारा कोण काढत होतं? त्याची नजर माझ्या मागं गेली. मी वळून बघितलं. वर्षाराणीनं बादली खाली ठेवली होती आणि ती बांगड्या काढत होती. तिथं खिळा नव्हता. तिनं त्या माझ्या डाव्या हातात दिल्या.

"धरा मामा. म्हशीची कास तटून हाय," म्हणाली, पदर खोचला आणि बसली.

कास धुतली, कपाळ मोनाच्या कुशीला टेकलं आणि दोन्ही मुठी चालू झाल्या. अंगठे बाहेर, बोटं वरून खाली एकेक मिटत जाणारी. घम घम. तोच आवाज. पेल्यामागून पेले भरत गेले. सगळ्या कट्ट्यासमोर मी सुनेच्या बांगड्या मुठीत धरून उभा होतो आणि मोना रवंथ करत होती.

२९ डिसेंबर

घरात सगळ्यांना ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं, डेअरीवाल्याला ठाऊक होतं. खुळ्यात काढलं मला. जेवताना ताट सरकवलं. यशराजची आई म्हणाली, "तुमाला सांगितलं आस्तं तर तुमी म्हस इकली आस्ती, पन सुनेला बसू दिलं नस्तं." मी म्हटलं, व्हय, विकली असती. ती म्हणाली, म्हणूनच.

३० डिसेंबर

राग आहेच. पण रागापेक्षा एक गोष्ट डोकं खातेय. घोटाळा असा आहे. रवंथ करणारी म्हस मालकाला जुमानत नाही, असं मी म्हणत आलो. मग जी मालकाला जुमानत नाही ती पान्हा इतका भरभरून का सोडते? दोन्ही एकदम खरं कसं असेल?

दुपारी सगळे झोपल्यावर गोठ्यात गेलो. मोनाच्या कुशीवर हात फिरवला, तिनं ओळखलं, हुंगलं. मग कासेला नुसता तळवा लावला. काही नाही, जबडा चालूच. चार बोटांनी सड धरला. चालूच. मग अंगठा मुडपला आणि त्याची पाठ नुसती टेकवली, दाबलासुद्धा नाही.

जबडा थांबला. कान ताठ झाले. कातडी एकदा थरथरली आणि तिनं श्वास धरला.

हात काढला. थोड्या वेळानं परत रवंथ. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा करायचं धाडस झालं नाही. बोटांनी सड चाचपला तर आत हरभऱ्याएवढी गाठ लागली, मागच्या दोन्ही सडांत, माझा अंगठा बसतो बरोबर तिथं.

ती पुतळ्यागत उभी राहायची ती इज्जत नव्हती. तिला दुखत होतं आणि ती सोसत होती, रोज दोन वेळा, पहिल्या वेतापासून. माझा अंगठा दुखला तर हाताचा डॉक्टर, एक्स-रे, सोनोग्राफी. आणि बाईंनी मला सरळ विचारलं होतं, म्हशीला त्रास नाही होत? मी अभिमानानं उत्तर दिलं होतं.

गोठ्यातच बसून राहिलो. मोनानं मानेवर जीभ फिरवली, तेव्हा जास्तच रडू आलं.

२ जानेवारी

गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. गाठी जुन्या आहेत, पूर्ण जाणार नाहीत, पण दाब बंद झाला तर वाढणार नाहीत, दुखणंही कमी होईल, असं म्हणाले.

संध्याकाळी वर्षाराणीला म्हटलं, मला मूठ शिकव. ती घाबरली. म्हणाली, "मी तुमाला कसं शिकवू मामा?" मी म्हटलं, माझ्या बापानं मला मारून शिकवलं, तू न मारता शिकव. मग हसली. लग्न ठरताना ती लाजली नव्हती, खाली बघून राग गिळत होती, हे मला आज पहिल्यांदा वाटलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं व्हय म्हटलं असतं अशी भीती वाटली.

दवाखान्यातून हातमोजा आणला, पाणी भरून त्याच बांगड्यांच्या खिळ्याला टांगला.

१७ जानेवारी

बाई म्हणाल्या, मूठपद्धत आणि माझा व्यायाम एकच आहे, करा. सूनबाई मात्र बाईंपेक्षा कडक निघाली.

"अंगठा भाईर, मामा." "परत आत आला." "वरनं खाली, सगळी बोटं एकदम न्हाय." एकदा तर माझ्या अंगठ्यावर चमच्याची दांडी मारली आणि स्वतःच जीभ चावली. यशराजची आई ओट्यावरून हसत होती. जन्माची सवय अशी आहे की डोकं दुसरीकडं गेलं की अंगठा आपोआप मुडपतो. पट्टा बाईंनी शिवला, पण ही सवय कुणी शिवायची?

कट्टा सुरू आहे. रोज वर्षाराणीच बसते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं, एक म्हणाला, केरबा, तुज्या घरात गडी संपले का? मी म्हटलं, गडी हाय की, बांगड्या धरून उभा हाय. आता त्याच गिऱ्हाइकाची बायको पोरीला घेऊन येते. मी दावं धरतो, पेले विसळतो आणि लोकांना अंगठ्याची रचना समजावतो. दावं सगळ्या तळव्यात धरतो, वेढा घेत नाही. पलीकडच्या दोघा गवळ्यांचे अंगठे वाकवून बघितले. दोघांचेही सैल. एकाला बाईंचा पत्ता दिला.

८ फेब्रुवारी, रविवार

आज परवानगी मिळालेला पहिला दिवस. कट्ट्यावर गर्दी ओसरल्यावर वर्षाराणी उठली आणि म्हणाली, शेवटचा पेला तुमचा, मामा.

बसलो. गुडघ्यांनी कुरकुर केली. कास धुतली. भीती वाटत होती, पेल्याची नाही, तिची. माझ्या हाताचा वास तिला माहीत आहे आणि त्या वासाबरोबर काय येतं तेही माहीत आहे. कपाळ कुशीला टेकलं. अंगठा बाहेर ठेवून मूठ वळली. पहिली धार पेल्याच्या कडेवर गेली, दुसरी आत पडली. बारीक होती, पण घम वाजली. गिऱ्हाईक म्हणजे तालमीतला आकाराम वस्तादच होता, तो पेल्याकडं बघत थांबला. फेस खाली बसेल इतका वेळ लागत होता. अंगठ्याच्या मुळाशी ताण जाणवत होता आणि मेख धरून होती.

कुशीला टेकून बसलेल्या माणसाला म्हशीचं तोंड दिसत नाही. तिच्या पोटात काय चाललंय तेवढं ऐकू येतं. मला काही कळेना. हात न थांबवता मी वर्षाराणीला विचारलं, "काय करालीय गं ती?"

वर्षाराणी मोनाच्या तोंडाशी उभी होती. ती वाकून जबड्याकडं बघायला लागली. मला वाटलं, संपलं.

"थांबलीवती मगाशी," ती म्हणाली. "आता रवंथ करालीय."

मी मान वर केली नाही. तसाच टेकून पुढची मूठ वळली.